पुणे, टोरंटो आणि मध्ये लिस्बन: पॉइंटच्या तिकिटाचा मार्ग कसा जुळवायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही दोघे साठी ओलांडलेले, पुण्यात राहता, मुलगी टोरंटोजवळ मिसिसागाला. एअर कॅनडाच्या एरोप्लान या पॉइंटच्या कार्यक्रमातल्या खात्यात दोघांचं जाणं-येणं होईल इतके पॉइंट साठलेत. जाताना मुलीकडे लवकरात लवकर पोचायचंय. परतताना मात्र आठवडाभर लिस्बनला थांबायचंय, कारण वहिनींचं माहेर मडगावचं आणि लहानपणापासून ऐकलेलं ते शहर त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचंय. साइटवर 'टोरंटो ते लिस्बन' आणि 'लिस्बन ते पुणे' असं भरलं की कधी काहीच सापडत नाही, तर कधी पॉइंटचा आकडा अवाच्या सवा येतो. मग नियम तरी काय आहे, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली पंधरा-सोळा वर्षं माझ्या घरची आणि ओळखीपाळखीतल्या लोकांची अशी तिकिटं जुळवतोय. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे. नियमांची यादी पाठ करून मार्ग सापडत नाही. तिकीट तुमच्या प्रवासाकडे कसं बघतं ते कळलं की सापडतो. तिकिटाला दोनच गोष्टी महत्त्वाच्या: प्रवास कुठून सुरू झाला आणि कुठे संपला. मधली विमानं चार असोत की पाच, ती सगळी त्या एका प्रवासाचे टप्पे. तुम्ही 'टोरंटो ते लिस्बन' असं स्वतंत्र भरलंत तेव्हा तिकिटाच्या लेखी तुमचा प्रवास लिस्बनलाच संपला. पुढचा 'लिस्बन ते पुणे' हा नवा प्रवास, त्याची किंमत नव्याने. म्हणून दोन्हींची बेरीज फुगते. तुम्हाला हवाय तो टोरंटो ते मुंबई असा एकच प्रवास आणि त्यात लिस्बनचा मुक्काम. (मुंबई का म्हणतोय ते पुढे येईलच.) एरोप्लानमध्ये असा मुक्काम एका दिशेच्या प्रवासात एकदा, माणशी ५,००० जादा पॉइंट देऊन घेता येतो, आणि तो ४५ दिवसांपर्यंत चालतो. त्यासाठी शोधतानाच मुक्कामाचा वेगळा पर्याय निवडावा लागतो. दोन शोध शेजारी शेजारी टाकून तो मिळत नाही.

मुक्काम आणि नुसता विमानबदल यांच्यामधली रेघ २४ तासांची आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात एखाद्या शहरात २४ तासांपेक्षा कमी थांबलात तर तो विमानबदल, त्याहून जास्त थांबलात तर मुक्काम. ही रेघ नीट लक्षात ठेवा, कारण तिच्या आतली जागा फुकट आहे. सकाळी आठला उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी सातला निघायचं, तर तिकिटाच्या दृष्टीने तुम्ही फक्त विमान बदललंत. अख्खा दिवस आणि एक रात्र शहरात मिळाली, एकही पॉइंट न देता. ब्रिटनच्या प्रवासी करालाही हीच रेघ लागू होते. लंडनहून प्रवास सुरू केला किंवा तिथे मुक्काम करून पुढे निघालात तर तो कर भरावा लागतो, आणि वरच्या वर्गाला तो चांगलाच जड जातो. २४ तासांच्या आत पुढचं आंतरराष्ट्रीय विमान पकडलंत तर लागत नाही. युरोपातला मुक्काम शक्यतो लंडनला नको असं मी म्हणतो, त्यामागे हे कारण आहे.

आता अंतराकडे येऊ, कारण तुमच्या बाबतीत सगळा खेळ तिथेच आहे.

पैशांच्या तिकिटात फार पूर्वीपासून एक पद्धत आहे. दोन शहरांमध्ये जास्तीत जास्त किती मैलांचा मार्ग चालेल हे ठरलेलं असतं, आणि तुमच्या टप्प्यांची बेरीज त्याच्या वर गेली की भाडं ५, १०, १५ असं करत २५ टक्क्यांपर्यंत चढतं. त्याच्याही वर गेलात तर प्रवास तोडून दोन भाडी लावतात. पॉइंटच्या कार्यक्रमांनी आपले नियम याच मुशीतून काढले. २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत एरोप्लानमध्ये जाण्या-येण्याच्या एका तिकिटावर दोन मुक्काम, किंवा एक मुक्काम आणि एक उघडा टप्पा मिळायचा. उघडा टप्पा म्हणजे एका शहरात उतरून दुसऱ्याच शहरातून परत निघायचं. त्या काळात मी नकाशा आणि मैलांचा तक्ता घेऊन रात्री-रात्री बसलोय. नव्या पद्धतीत ते गेलं. आता प्रत्येक दिशा स्वतंत्र मोजतात आणि किंमत दोन गोष्टींवर ठरते: तुम्ही कोणत्या विभागातून कोणत्या विभागात जाता, आणि टप्प्यांच्या मैलांची बेरीज किती. भारत हा युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्वेबरोबर अटलांटिक विभागात येतो. उत्तर अमेरिका आणि अटलांटिक यांच्यामध्ये चार पायऱ्या आहेत: ४,००० मैलांपर्यंत, ६,००० पर्यंत, ८,००० पर्यंत आणि त्यापुढे.

शेवटची पायरी बघा. तिला वरची मर्यादा नाही.

तुमचा जातानाचा मार्ग घेऊ. पुणे ते दिल्ली साधारण ७२० मैल, दिल्ली ते टोरंटो थेट साधारण ७,२४०. बेरीज ७,९६०. म्हणजे तुम्ही ८,००० च्या आत बसता, जेमतेम ४० मैल राखून. आता तोच प्रवास मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे करा: मुंबई ते फ्रँकफर्ट ४,०८० च्या आसपास, फ्रँकफर्ट ते टोरंटो ३,९५०. बेरीज ८,०३०. तीसेक मैलांसाठी वरची पायरी! झुरिकमार्गे गेलात तर ८,१००. व्हिएन्नामार्गेही आठ हजारांच्या किंचित वर. युरोपातल्या या नेहमीच्या विमानतळांमार्गे गेलात तर मुंबई-टोरंटो ही रेघ ओलांडतंच. म्हणून जाताना दिल्लीहून थेट विमान पकडायचं. मुलीकडे लवकर पोचायचं हे तुम्हाला हवंच आहे, आणि पॉइंटही त्यातच कमी लागतील.

इथे एक शंका नेहमी येते. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, त्यामुळे एअर इंडियाची पश्चिमेची उड्डाणं लांबली. मग मैल वाढले का? नाही. मैल मोजतात ते दोन विमानतळांमधल्या सरळ अंतराचे, विमान प्रत्यक्षात कुठून वळसा घेतं त्याच्याशी हिशेबाला देणंघेणं नाही. वाटेत इंधन भरायला उतरावं लागलं तरी एकाच उड्डाण क्रमांकाचा तो एकच टप्पा राहतो.

परतीचा विचार मात्र अगदी उलटा करायचा. लिस्बनला थांबायचं म्हटल्यावर आठ हजार ओलांडणारच. टोरंटो ते लिस्बन साधारण ३,५७०, लिस्बन ते फ्रँकफर्ट ११६० च्या आसपास, फ्रँकफर्ट ते मुंबई ४,०८०. बेरीज ८,८०० च्या वर. वरच्या पायरीचे पॉइंट द्यायचेच आहेत, मग पुढचे मैल तुमचे. जाताना एकेक मैल वाचवायचा आणि येताना मोकळेपणाने फिरायचं, असा हा हिशेब आहे. लिस्बन-फ्रँकफर्टऐवजी लिस्बन-म्युनिक किंवा लिस्बन-झुरिक केलंत तरी पायरी तीच. एका दिशेला सहा टप्प्यांपर्यंत मुभा आहे, तुमचे तीनच होतात. फ्रँकफर्टला २२-२३ तास थांबून रोमरबर्गचा जुना चौक आणि माइन नदीचा काठ बघून यायचा असेल तर तेही याच तिकिटात बसतं. मार्ग मात्र वाजवीपणे सरळ हवा. लिस्बनहून उलटं कॅनडाकडे जाऊन परत पूर्वेला येणं चालणार नाही.

बरेच जण दोन्ही दिशांना मुक्काम घेतात, जाताना एक आणि येताना एक. पॉइंट भरपूर असतील तर जरूर घ्या. पण तुमच्यासारख्या प्रवासात दोन्हीकडे वरची पायरी आणि दोनदा पाच हजार देण्यापेक्षा एक दिशा काटकसरीची आणि एक ऐसपैस, ही रचना मला नेहमी जास्त समाधानाची वाटली आहे.

हे मैलांचं गणित सगळ्या विमानांना सारखं लागू होतं असं मात्र समजू नका. एअर कॅनडाच्या स्वतःच्या उड्डाणांची किंमत मागणीनुसार हलते. काही भागीदार कंपन्यांचंही आता तसंच झालंय. तक्त्यातला ठरलेला आकडा मिळतो तो बाकीच्या भागीदारांच्या विमानांवर. म्हणून टोरंटो-लिस्बन हा टप्पा एअर कॅनडावर आणि पोर्तुगालच्या टॅपवर, असा दोन्हीकडे तपासा. एकाच तारखेला दोन्हींच्या आकड्यांत मोठा फरक दिसू शकतो.

आता जागा. नियमात बसणारा मार्ग आणि प्रत्यक्षात मिळणारा मार्ग यांत जागांचं अंतर असतं, आणि लोक इथेच थकतात. भागीदार कंपन्या पॉइंटसाठी मोजक्या जागा सोडतात. एअर कॅनडा ज्या विमानकंपन्यांच्या समूहात आहे त्या स्टार अलायन्समध्ये इकॉनॉमीच्या अशा जागांना एक्स, बिझनेसला आय आणि फर्स्टला ओ ही अक्षरं असतात. विमान निम्मं रिकामं दिसलं तरी त्या अक्षरात जागा नसेल तर तुमच्यासाठी ते भरलेलंच. म्हणून अख्खा मार्ग एकदम शोधू नका. आधी सगळ्यात दुर्मीळ टप्पा शोधा. तुमच्या परतीत तो फ्रँकफर्ट-मुंबई आहे. त्याच्या दोन जागा ज्या दिवशी सापडतील, त्या दिवसाला खुंटी मानून मागे या: त्याच दिवशी किंवा आदल्या रात्री लिस्बन-फ्रँकफर्ट, आणि त्याच्या आठवडाभर आधी टोरंटो-लिस्बन. युरोपातल्या युरोपात जागा सहसा मिळून जातात. टप्पे सुटे सुटे सापडले की मग ते जोडून मागा. कधी कधी सुटे टप्पे दिसतात पण जोडल्यावर नाहीसे होतात, कारण काही कंपन्या जोडीने विकायच्या जागा आणि सुट्या विकायच्या जागा वेगळ्या ठेवतात. तसं झालं तर तारीख एक-दोन दिवस पुढेमागे करा, किंवा फोन करून माणसाकडून टप्पे एकेक करून घालून घ्या. संयम लागतो, पण निघतं.

जागा साधारण ३३० ते ३६० दिवस आधी खुल्या होतात. तुम्ही मुलीकडे चार-पाच महिने राहणार असाल, तर जाण्याच्या जागा खुल्या झाल्या तेव्हा परतीचं वेळापत्रक अजून आलेलंही नसेल. म्हणून मी अशा प्रवासाला दोन दिशांची दोन तिकिटं काढतो. भागीदार कंपनीच्या तिकिटाला दर वेळी ३९ कॅनेडियन डॉलर शुल्क लागतं, ते दोनदा जाईल. पण पोचल्यावर नातवंडांमध्ये जीव रमला आणि मुक्काम महिनाभर वाढवावासा वाटला, तर न उडालेलं स्वतंत्र तिकीट बदलणं खूप सोपं असतं. त्या ३९ डॉलरचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. एरोप्लान भागीदारांचा इंधन अधिभार लावत नाही, हीही एक मोठी जमेची बाजू. काही कार्यक्रमांत पॉइंट कमी लागतात आणि अधिभार मात्र रोख तिकिटाच्या जवळपास जातो.

पुण्याहून निघताना पुणे-दिल्ली टप्पा त्याच तिकिटात घ्या. 'घरगुती विमान स्वस्तात वेगळं काढू' असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तो मानू नका. वेगळं तिकीट असेल आणि धुक्यामुळे पुण्याचं विमान तीन तास उशिरा गेलं, तर टोरंटोच्या विमानाला तुमच्याशी काहीही बांधिलकी नाही. एकाच तिकिटावर असाल तर पुढची सोय करणं ही त्यांची जबाबदारी होते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात मी हे दोन्ही प्रकार पाहिलेत. सामानही पुण्यात दिलं की थेट टोरंटोला. परतताना मात्र मुंबईला प्रवास संपवा आणि द्रुतगती मार्गाने गाडीने घरी जा. दिल्लीमार्गे पुण्याला यायचं तर साधारणपणे दिल्लीलाच सामान घेऊन सीमाशुल्कातून बाहेर पडायचं, पुन्हा द्यायचं आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. लांबच्या प्रवासानंतर या वयात ती धावपळ कशाला?

व्हिसाचं काय ते तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नव्हे. शोधात नेवार्क किंवा शिकागोमार्गे युनायटेडचे पर्याय दिसतील आणि जागाही असतील. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, तिथे विमानतळाच्या आतल्या आत बदल असा प्रकारच नाही. तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नसेल तर ते पर्याय सरळ गाळा. लिस्बनसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा लागेल. मोठ्यांना त्याचं शुल्क ९० युरो, दोघांचे १८०. कॅनडाचा व्हिसा आहे म्हणून शेंगेनमध्ये सूट मिळत नाही. लिस्बनच्या मुक्कामाची किंमत दोघांचे मिळून १०,००० पॉइंट अधिक हे १८० युरो, असा हिशेब मांडा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी देता येत नाही आणि तुम्ही त्या काळात कॅनडात असाल, तर अर्ज पुण्यातून करायचा की तिथून, हे तारखांवरून आधीच ठरवून ठेवा.

तिकीट निघाल्यानंतरचं काम बहुतेक लोक सोडून देतात. मला त्याबद्दल कळकळीने सांगायचंय, कारण माझ्या हातून एकदा हे झालं आहे. एका वयस्क जोडप्याचं तीन कंपन्यांचं तिकीट मी जुळवलं होतं. चार महिन्यांनी मधल्या कंपनीने आपलं विमान चाळीस मिनिटं पुढे ढकललं. पुढचं विमान पकडायला त्या विमानतळावर लागणारा किमान वेळ त्यामुळे उरला नाही, आणि यंत्रणेने शेवटच्या टप्प्याच्या जागा मुकाट्याने सोडून दिल्या. मेल आला नाही. मी बघितलं तीन आठवड्यांनी, तोवर त्या विमानात पॉइंटची एकही जागा शिल्लक नव्हती. रात्री अडीचला फोनवर बसून दुसऱ्या मार्गाने सोय झाली, पण त्या दोघांना एक रात्र विमानतळावर काढावी लागली. आजही मला ते लागतं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी न चुकता करतो. जागा 'कन्फर्म' दिसली म्हणजे तिकीट निघालं असं मानत नाही. १३ आकडी तिकीट क्रमांक हातात आला की मग मानतो. एअर कॅनडाने काढलेल्या तिकिटाची सुरुवात ०१४ ने होते, मधली विमानं कोणाचीही असली तरी. दुसरं, प्रत्येक कंपनीचा आपापला पीएनआर वेगळा मागून घेतो, आणि त्या कंपनीच्या साइटवर दर दोन आठवड्यांनी आरक्षण उघडून वेळा ताडून बघतो. तिसरं, व्हीलचेअर आणि जेवण यांची नोंद प्रत्येक कंपनीकडे स्वतंत्र करतो. एकीकडे सांगितलेलं दुसरीकडे पोचेलच याची खात्री नसते. शाकाहारी असाल तर 'एशियन व्हेजिटेरियन' मागा, नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं की पाश्चात्त्य पद्धतीचं उकडलेलं पानात येतं. आणि कुठलाही टप्पा आपणहून सोडू नका. टोरंटोहून लिस्बनचं विमान चुकवून तुम्ही परस्पर दुसरीकडून लिस्बनला पोचलात, तर पुढचे सगळे टप्पे रद्द होतात.

तुमच्याकडे थोडे पॉइंट कॅथेच्या एशिया माइल्समध्ये आणि थोडे ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिऑसमध्येही आहेत असं लिहिलंय. तिथले नियम वेगळ्या वळणाचे आहेत. एव्हिऑसमध्ये साधारणपणे प्रत्येक टप्प्याची किंमत सुटी लागते, त्यामुळे टप्पे वाढले की खर्च वाढतो. ते लहान, थेट उड्डाणांसाठी राखून ठेवा. एशिया माइल्सचा वनवर्ल्ड समूहाचा तक्ता मात्र बहुपदरी प्रवासाला फार चांगला: सगळ्या प्रवासाचे मैल एकत्र मोजायचे आणि त्यात पाचपर्यंत मुक्काम, दोन विमानबदल आणि दोन उघडे टप्पे घेता येतात. पुढे कधी जपान-ऑस्ट्रेलिया असा मोठा फेरा मनात आला तर त्यासाठी ते साठवा. या प्रवासात ते मिसळू नका, कारण दोन कार्यक्रमांचे पॉइंट एका तिकिटात येत नाहीत. बँकेच्या कार्डावरचे पॉइंटही आत्ताच कुठे वळवू नका. एकदा वळवले की परत येत नाहीत. जागा डोळ्यांनी दिसल्यावर, लागतील तेवढेच वळवा.

आता करायचं एवढंच. पुढच्या वर्षीचे जे दोन-तीन आठवडे परतीला चालतील, त्यांत फ्रँकफर्ट-मुंबईच्या इकॉनॉमीच्या दोन-दोन जागा कोणत्या दिवशी दिसतात ते लिहून काढा, आणि शेजारी दिल्ली-टोरंटोच्या जागांचे दिवसही. सापडलेल्या उड्डाणांचे क्रमांक आणि तारखा मला पाठवा. मैलांची बेरीज आणि विमानबदलाच्या वेळा मी तपासून देतो, मग तुम्ही फोन लावा.